व्यावसायिक नीती आणि यवतमाळ फवारणी विषबाधा (२०१७)

व्यावसायिक नीती म्हणजे एखादा व्यवसाय करताना ग्राहक, रुग्ण, अशील, सहकारी, हाताखालचे कामगार आणि समाज यांच्याशी कसे वागावे याविषयी त्या व्यवसायातील लोकांनी मानलेले, आणि काही अंशी कायद्याने बांधून दिलेले, दंडक होत. हे दंडक लिखित आचारसंहितेत आढळतात. परंतु कामाच्या ठिकाणी प्रत्यक्ष वर्तन घडते ते प्रशिक्षण, वरिष्ठांचे अनुकरण, देखरेख, आर्थिक हितसंबंध आणि रूढी यांच्या एकत्रित प्रभावातून. लिखित दंडक आणि रूढ वर्तन यांच्यात अंतर पडल्यास काय घडते, याचे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण म्हणजे २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना झालेली विषबाधा. या घटनेत २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि ८०० हून अधिक व्यक्तींना रुग्णालयात उपचार घ्यावे लागले.

संकल्पना

मराठीत ‘व्यवसाय’ हा शब्द दुहेरी अर्थाने वापरला जातो. वैद्यकी, वकिली, अध्यापन यांसारखी विशेष ज्ञानावर आधारलेली कामे हाही व्यवसाय आणि दुकानदारी हाही व्यवसायच. पहिल्या प्रकारात ज्ञानाचा अधिकार मोठा असल्याने त्याला नीतीचे बंधनही जुने आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नावाने ओळखली जाणारी शपथ आणि चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना सांगितलेले नियम ही त्याची प्राचीन उदाहरणे होत. आधुनिक काळात इंग्लंडमधील वैद्य टॉमस पर्सिव्हल यांनी १८०३ मध्ये वैद्यकीय नीतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच्या आधारे अमेरिकन वैद्यक संघटनेने १८४७ मध्ये आपली संहिता तयार केली. भारतात सनदी लेखापालांसाठी १९४९ चा, वकिलांसाठी १९६१ चा कायदा आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे विनियम २००२ मध्ये आले. महाराष्ट्रातील शासकीय कर्मचाऱ्यांना १९७९ चे नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे व्यापारात, नीतीचा विचार बहुधा मापात पाप न करणे, भेसळ न करणे आणि शब्द पाळणे एवढ्यापुरता मर्यादित राहिला. माल कोणाला विकावा, कोणाला विकू नये, आणि विकताना काय सांगावे हे प्रश्न त्यात फारसे येत नाहीत. कीटकनाशकाचा विक्रेता नेमका या दोन प्रकारांच्या सीमेवर उभा असतो. परवान्याच्या दृष्टीने तो व्यापारी आहे. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मात्र तो सल्लागार आहे. विदर्भातील शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो, आणि किडलेले पान घेऊन कृषी केंद्रात जातो तेव्हा त्याची अपेक्षा रुग्णाने डॉक्टरकडून करावी तशीच असते.

नीती कशी रुजते

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम (१८५८–१९१७) यांनी व्यावसायिक नीतीवर दिलेली व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या मते ज्या व्यवसायाला स्वतःची संघटना आणि परंपरा असते त्यात नीतीचे बंधन दृढ असते. व्यापार व उद्योग यांत असे समूह विस्कळीत असल्याने तेथे ते शिथिल राहते. वकिलाला वकील परिषदेचा आणि डॉक्टरला वैद्यक परिषदेचा धाक असतो. गैरवर्तन केल्यास सनद जाते, त्याहून महत्त्वाचे म्हणजे समव्यावसायिकांत मान जातो. तालुक्याच्या गावातील कीटकनाशक विक्रेत्याला सहव्यावसायिकांकडून चुकीच्या शिफारशीबद्दल जाब विचारला जाण्याची अशी व्यवस्था नाही. त्याच्या संघटना आहेत, पण त्या प्रामुख्याने व्यापाराचे हित पाहणाऱ्या आहेत.

दुसरी प्रक्रिया उलट दिशेची आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांनी १९८६ च्या चॅलेंजर अवकाशयान दुर्घटनेचा अभ्यास करून १९९६ मध्ये ‘विचलनाचे सामान्यीकरण’ ही कल्पना मांडली. नियमापासून एकदा थोडे ढळले आणि काही वाईट घडले नाही, की ते ढळणेच नियम बनते. पुढची पायरी त्याहून थोडी खाली असते. संबंधित माणसे दुष्ट नसतात, बेफिकीरही नसतात. ती आपल्या कामाच्या ठिकाणी जसे चालते तसे चालत असतात. उघड्या अंगाने फवारणी करणे, हाताने द्रावण ढवळणे, दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळणे, पावती न घेता माल नेणे या गोष्टी कपाशीच्या पट्ट्यात अशाच रीतीने अंगवळणी पडल्या होत्या.

घटना

यवतमाळ हा विदर्भातील १६ तालुक्यांचा जिल्हा असून कापूस, सोयाबीन व तूर ही तेथील मुख्य खरीप पिके आहेत. बहुतांश कापूस कोरडवाहू आहे. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा बोंडअळीवरील फवारण्या कमी होतील अशी अपेक्षा होती, आणि आरंभीच्या वर्षांत ती बरीचशी खरीही ठरली. परंतु मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांसारख्या रसशोषक किडींवर बीटीचा परिणाम होत नाही. पुढे गुलाबी बोंडअळीही बीटीला जुमानेनाशी झाली. २०१७ मध्ये या अळीचा प्रादुर्भाव मोठा होता व फवारण्यांची संख्या वाढली.

त्या वर्षी पऱ्हाटी अनेक ठिकाणी माणसाच्या उंचीएवढी किंवा त्याहून उंच वाढली होती. दाट ओळींतून चालत छातीच्या वर नोझल धरून फवारणी करावी लागे, आणि तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर व अंगावर येत. हाताने चालवायच्या पंपाऐवजी बॅटरीवरील व इंजिनावरील पंप प्रचारात आले होते. त्यांचे तुषार अधिक सूक्ष्म असतात आणि थोड्या वेळात अधिक द्रावण बाहेर पडते. उष्ण, दमट हवेत घामाने ओल्या त्वचेतून विष लवकर शोषले जाते. मजूर रोजंदारीवर किंवा पंपांच्या संख्येवर काम करीत, एका शेतातून दुसऱ्या शेतात जात, सलग अनेक दिवस फवारणी करीत.

मळमळ, उलट्या, घाम, लाळ, अंधुक दिसणे, श्वास लागणे अशा तक्रारींचे रुग्ण जुलै-ऑगस्टपासून श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येऊ लागले. सप्टेंबरमध्ये संख्या झपाट्याने वाढली. राज्य शासनाचे आणि देशाचे लक्ष तिकडे वेधले गेले ते ऑक्टोबरमध्ये, मृत्यूंच्या बातम्या वृत्तपत्रांत झळकल्यानंतर. अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम या जिल्ह्यांतही विषबाधेची प्रकरणे नोंदली गेली. शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी २ लाख रुपयांची मदत जाहीर केली आणि अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले.

विक्रेता

कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार विक्रीसाठी परवाना लागतो. साठ्याची नोंदवही ठेवावी लागते आणि प्रत्येक विक्रीची पावती द्यावी लागते. डब्यावर विषारीपणानुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी. डब्यासोबत प्रादेशिक भाषेतील माहितीपत्रक असावे लागते व त्यात मात्रा, पीक, विषबाधेची लक्षणे आणि उतारा ही माहिती अपेक्षित आहे. अक्षरे इतकी बारीक असतात की वाचता येणाऱ्यालाही ती वाचण्याचा धीर राहत नाही. निरक्षर मजुराच्या हाती तर डबा पोहोचतच नाही. त्याला मिळते ते बादलीत तयार केलेले द्रावण.

म्हणून माहिती पोहोचवण्याचे काम काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाकडे येते. अडचण अशी की त्याच माणसाचे उत्पन्न विक्रीवर अवलंबून असते. हंगामात बहुसंख्य शेतकरी उधारीवर माल नेतात आणि कापूस विकल्यावर पैसे चुकवतात. उधारीवर घेणारा दुकान बदलू शकत नाही, ब्रँडबद्दल हुज्जत घालू शकत नाही, आणि पावतीचा आग्रह धरणेही त्याला अवघड जाते. विक्रेत्यालाही वितरकाचे देणे असते, कंपन्यांची विक्रीची उद्दिष्टे व त्यावरील बक्षिसे असतात. एका किडीसाठी एक कीटकनाशक पुरेसे असताना त्यासोबत दुसरे, वर एखादे ‘टॉनिक’ असे मिश्रण सुचवण्याची प्रथा या हितसंबंधांतून वाढली. अशा मिश्रणांपैकी पुष्कळांना कोणत्याही कृषी विद्यापीठाची शिफारस नसते.

विक्रेत्याच्या शिक्षणाचा प्रश्न फार उशिरा हाती घेतला गेला. दीर्घकाळ परवान्यासाठी कोणतीही शैक्षणिक अट नव्हती. हैदराबाद येथील राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने २००३ मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. तो आठवड्यातून एक दिवस, म्हणजे बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, भरतो. ४८ आठवड्यांत ४० वर्ग आणि ८ क्षेत्रभेटी असतात. २०१५ मध्ये केंद्र शासनाने नियमांत दुरुस्ती करून विक्रेत्यासाठी कृषी वा संबंधित विज्ञानशाखेची पदवी आवश्यक केली. जुन्या परवानाधारकांना मुदतवाढी आणि पुढे अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाची सवलत देण्यात आली. सवलत व्यवहार्य होती हे खरे, परंतु तिचा एक परिणाम असा की २०१७ च्या हंगामात काउंटरवर जुनीच पद्धत होती. शिवाय परवाना एकाच्या नावावर आणि दुकानात बसणारा दुसराच, ही स्थितीही अपवादात्मक नाही.

पावतीचे महत्त्व या घटनेत एका अनपेक्षित जागी दिसून आले. बेशुद्ध रुग्ण रुग्णालयात आला की त्याने नेमके काय फवारले हे डॉक्टरांना कळणे आवश्यक असते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट या सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील विषांवर ॲट्रोपिन व प्रॅलिडॉक्झिम ही औषधे देता येतात. डायफेन्थियुरॉनसारख्या रसायनावर विशिष्ट उतारा नाही, लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. मिश्रण असल्यास गुंता आणखी वाढतो. पावती असती, किंवा नातेवाइकांनी रिकामा डबा आणला असता, तर अंदाजाची गरज उरली नसती. दुकानदाराच्या दृष्टीने किरकोळ असलेली कागदी औपचारिकता दुसऱ्या व्यावसायिकाच्या कामात जीवनमरणाची ठरते.

कृषी खाते

कीटकनाशक निरीक्षकाचे अधिकार कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांकडे असतात. दुकानांची तपासणी, नमुने घेणे, विक्री थांबवण्याचा आदेश देणे हे त्यांचे काम. गावपातळीवर शेतकऱ्याला सल्ला देण्याचे काम कृषी सहायकाचे. एका कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात आणि योजनांचे अर्ज, पंचनामे, अहवाल यांत त्याचा बराच वेळ जातो. सल्ल्याची जी पोकळी राहते ती कृषी केंद्र भरून काढते. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी उपलब्ध असतात, परंतु पुस्तिकेतील शिफारस आणि दुकानातील चिठ्ठी यांत शेतकऱ्याच्या हाती आधी पडते ती चिठ्ठी.

नमुना नापास झाला तर कारवाई होते. प्रमाणित माल चुकीच्या रीतीने विकला गेला तर ती सहसा होत नाही. तपासणीचे मोजमाप घेतलेल्या नमुन्यांच्या संख्येवर होते, म्हणून देखरेखही मालाच्या दर्जावर केंद्रित होते आणि मालासोबत दिलेल्या सल्ल्याकडे दुर्लक्ष होते. कोणत्याही कार्यालयात ज्याची मोजदाद होते तेच कर्तव्य मानले जाऊ लागते, या प्रवृत्तीचा हा नमुना आहे.

वैद्यकीय व्यवसाय

शासकीय रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिकांनी मोठ्या ताणाखाली शेकडो रुग्ण हाताळले. अतिदक्षता खाटा मर्यादित होत्या. रक्तातील कोलिनेस्टरेज या विकराची पातळी मोजणारी चाचणी सेंद्रिय फॉस्फरसच्या विषबाधेचे निदान करण्यास उपयोगी असते. जिल्ह्यात ती सोय त्या वेळी नव्हती. ही उणीव व्यक्तींची नसून व्यवस्थेची होती.

नीतीचा प्रश्न उपस्थित झाला तो सूचना देण्याबाबत. डॉक्टरचे कर्तव्य समोरच्या रुग्णापुरते असते, की एकाच प्रकारचे रुग्ण वाढत असल्याचे दिसताच ते संबंधितांना कळवणे हाही त्याचा भाग आहे? साथीच्या रोगांबाबत उत्तर निर्विवाद आहे. कीटकनाशक अधिनियमाच्या कलम २६ नुसार राज्य शासन अधिसूचना काढून विषबाधेच्या घटना कळवणे बंधनकारक करू शकते, पण या तरतुदीची अंमलबजावणी क्षीण होती. विदर्भात कीटकनाशकाने आलेला मृत्यू म्हणजे बहुधा आत्महत्या, असे समीकरण रुग्णालये, पोलीस आणि वृत्तपत्रे या सर्वांच्याच मनात रूढ झालेले आहे. कामावर असताना विषबाधा झालेला मजूर त्या समीकरणात बसत नाही. परिणामी आरोग्य खाते, कृषी खाते आणि महसूल प्रशासन यांच्यात माहिती वेळेवर फिरली नाही.

उत्पादक

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८५ मध्ये कीटकनाशकांचे वितरण व वापर यांविषयी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता स्वीकारली. ती पुढे सुधारण्यात आली व २०१३ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने कीटकनाशक व्यवस्थापनाची संहिता म्हणून अस्तित्वात आहे. ती ऐच्छिक आहे. तिच्यातील एक तरतूद यवतमाळच्या संदर्भात फार महत्त्वाची ठरते : जी कीटकनाशके हाताळण्यासाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात त्यांचा वापर, विशेषतः उष्ण हवामानातील लहान शेतकरी व शेतमजूर यांच्या बाबतीत, टाळावा. सप्टेंबरच्या उकाड्यात रबरी हातमोजे, मुखपट, चष्मा आणि पूर्ण अंगाचा पोशाख घालून दिवसभर चालणे अशक्यप्राय आहे. तेव्हा ‘मजुराने संरक्षक साधने वापरली नाहीत’ हे स्पष्टीकरण या संहितेच्या कसोटीवर अपुरे पडते. साधने वापरता येणार नाहीत हे ठाऊक असताना माल तेथे पाठवावा का, हा प्रश्न संहिता उत्पादकापुढे ठेवते.

सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळमधील ५१ बाधित व्यक्ती व कुटुंबांच्या वतीने काही स्वयंसेवी संघटनांनी सिंजेंटा या स्विस कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमधील राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे तक्रार केली. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या बहुराष्ट्रीय उद्योगांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा तिला आधार होता. तक्रार कंपनीच्या ‘पोलो’ या डायफेन्थियुरॉनयुक्त उत्पादनाविषयी होती. या रसायनाच्या वापराला युरोपीय संघात व स्वित्झर्लंडमध्ये मान्यता नव्हती. त्याच सुमारास दोन मृतांच्या पत्नी व एक बचावलेला शेतकरी यांनी बाझेल येथे नुकसानभरपाईसाठी न्यायालयीन मार्ग अवलंबला. विषबाधेस आपले उत्पादन कारणीभूत असल्याचा आरोप कंपनीने नाकारला.

मालक आणि मजूर

कारखान्यातील कामगाराच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर आहे हे तत्त्व रुळलेले आहे. शेतात मालक कोण आणि त्याची जबाबदारी कोणती, हे तितके स्पष्ट नाही. १९७१ च्या नियमांत कीटकनाशक हाताळणाऱ्या कामगारांची वैद्यकीय तपासणी, प्रथमोपचार, संरक्षक पोशाख व प्रशिक्षण यांविषयी तरतुदी आहेत, पण पाच-सात एकरांचा कर्जबाजारी शेतकरी स्वतःला नियोक्ता समजत नाही. अनेकदा तो स्वतःच पंप पाठीवर घेतो. मृतांमध्ये शेतमालकही होते. सालगडी किंवा रोजंदार मजूर ‘आज फवारणी करणार नाही’ असे म्हणू शकत नाही, कारण फवारणीची मजुरी इतर कामांपेक्षा अधिक असते आणि काम नाकारणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावले जात नाही.

नुकसानभरपाईतही हा भेद उमटतो. शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात विमा योजनेत कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा समाविष्ट होती; मात्र लाभासाठी सातबारावर नाव असण्याची अट होती. पुढे कुटुंबातील आणखी एका सदस्याचा समावेश झाला. भूमिहीन मजूर, ज्याच्या अंगावर सर्वाधिक फवारा पडतो, तो या चौकटीबाहेरच राहिला.

घटनेनंतरचे बदल

नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्य शासनाने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली : मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण, आणि फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण. कायद्यानुसार राज्याला अशी बंदी केवळ मर्यादित काळासाठी घालता येते. कायमची बंदी केवळ केंद्र शासन घालू शकते. काही विक्रेत्यांवर गुन्हे दाखल झाले व परवाने निलंबित करण्यात आले. तपास पथकाने मोनोक्रोटोफॉसवर पूर्ण बंदी आणि कोलिनेस्टरेज चाचणीची सोय यांची शिफारस केली.

पुढील हंगामांपासून खरिपाच्या आरंभी फवारणीविषयक प्रशिक्षण, गावोगावी दवंडी व भित्तिपत्रके, संरक्षक संचांचे वाटप असे उपक्रम हाती घेण्यात आले. संच वाटले गेले, परंतु उकाड्याचा प्रश्न तसाच राहिल्याने त्यांचा वापर मर्यादितच झाला. वाऱ्याच्या दिशेने फवारणे, उपाशीपोटी न फवारणे, सकाळी लवकर वा सायंकाळी काम करणे यांसारखे बिनखर्चाचे नियम तुलनेने सहज स्वीकारले जातात, कारण त्यांचा मजुरीशी संघर्ष होत नाही.

मोनोक्रोटोफॉसचा भाज्यांवरील वापर २००५ पासूनच मनाई असलेला होता. कपाशीवर तो सुरू राहिला. २०२० मध्ये केंद्र शासनाने २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यात त्याचा समावेश होता. २०२३ च्या आदेशाने त्याचे ३६ टक्के द्रवरूप उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय झाला. १९६८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तयार केलेले कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक मार्च २०२० मध्ये राज्यसभेत मांडण्यात आले आणि २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीकडे सोपवण्यात आले.